लादीचं ठरलं होतं, कुत्र्याचं नाही

रात्रीचे तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. मी हॉलच्या मधोमध उकिडवी बसून लादी पुसत होते आणि जिने ती ओली केली होती ती बाईसाहेब फडक्याचं दुसरं टोक दातात धरून ओढत होती. नाचणी तेव्हा अंदाजे आठ आठवड्यांची होती. अंदाजे, कारण ती आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एका बंद पडलेल्या स्कूटरखाली सापडली. रंग नाचणीच्या भाकरीचा, म्हणून नाव नाचणी. डॉक्टरांनी दात बघून वय सांगितलं, पहिली लस टोचली आणि बजावलं, "सगळ्या लसी होईपर्यंत हिला खाली जमिनीवर सोडायचं नाही." म्हणजे पुढचे दोन महिने शी-शू चौथ्या मजल्यावर.

सल्ले लगेच सुरू झाले. काका फोनवर म्हणाला, "नाक घास तिथे, परत नाही करणार." शेजारच्या काकूंनी पेपरची गुंडाळी करून हलकीशी मारायला सांगितलं. मैत्रिणीने सात रील पाठवले, त्यातले तीन एकमेकांच्या विरुद्ध होते. आणि तिसऱ्या दिवशी सकाळी आमच्या कामाच्या मावशी आल्या, हॉलच्या कोपऱ्यातलं बघितलं, बादली खाली ठेवली आणि म्हणाल्या, "ताई, लादीचं ठरलंय आपलं. कुत्र्याचं नव्हतं ठरलं."

मी, जसं आपल्याकडे करतात तसं, महिन्याचे पैसे वाढवून देते म्हणाले.

"पैशाचं नाही ओ. माझ्या सासूने जन्मभर दुसऱ्यांचं काढलं. मी नाही करायची."

त्या लादी पुसून गेल्या, तो कोपरा सोडून. तो मी पुसला. पुढचे कित्येक दिवस मीच पुसत होते, आणि रात्री झोप उडाली की वाचत होते. पिल्लाला घरात घाण न करायला माणूस कधीपासून शिकवतोय? कसं शिकवत होता? आणि पिल्लू शिकेपर्यंत पुसत कोण होतं? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं पुस्तकांत सहज सापडतात. तिसऱ्याचं उत्तर बहुतेकदा दोन ओळींच्या मधे लपलेलं असतं. पण मला आता असं वाटतं, की हा सगळा इतिहास त्या तिसऱ्या प्रश्नावरच फिरतो.

आधी आमच्या आजीच्या घराबद्दल सांगते. वाईजवळच्या त्या घरात मोत्या नावाचा कुत्रा होता, त्याच्या आधीही मोत्याच होता. मोत्याला कुणी काही शिकवलं नाही. तो अंगणात असायचा, पावसात ओसरीवर यायचा आणि उंबऱ्याच्या आत कधीच पाऊल टाकायचा नाही. भाकरी उंबऱ्याबाहेर मिळायची. शी कुठे करायचा हे कुणालाच माहीत नव्हतं, कारण परसाच्या पलीकडे शेत होतं आणि मोत्याचं मोत्या बघून घ्यायचा. आपल्याकडे खंडोबाबरोबर कुत्रा असतो, दत्ताच्या पायाशी चार असतात, पण देवघराच्या चौकटीत जिवंत कुत्रा आला तर आजी चूल सोडून धावायची. मान होता, प्रवेश नव्हता. आणि प्रवेश नव्हता म्हणून शिकवणीही नव्हती. जगातले बहुसंख्य कुत्रे आजही असेच गावाच्या, वस्तीच्या, कचऱ्याच्या कडेने राहतात. 'घरात घाण करतो' ही तक्रार त्यांच्याबद्दल होऊच शकत नाही, कारण त्यांना घरच नाही.

यातून एक गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली. मराठीत या शिकवणीला शब्दच नाही. आपण 'सवय लावणं' म्हणतो किंवा सरळ 'पॉटी ट्रेनिंग'. जर्मन भाषेत शिकलेल्या कुत्र्याला 'श्टुबनराइन' म्हणतात, म्हणजे खोलीपुरता स्वच्छ. फ्रेंचमध्ये नुसतं 'प्रोप्र', स्वच्छ. इंग्रजीत मात्र 'हाउसब्रोकन'. घोड्याला खोगिराखाली आणण्यासाठी जे 'मोडणं' असतं तेच क्रियापद इथे आलं आहे. एकाच गोष्टीकडे बघण्याच्या या दोन पद्धती झाल्या: पिल्लू स्वच्छ होतं, किंवा पिल्लाला मोडावं लागतं. पुढची दीडशे वर्षं याच दोन टोकांमधे गेली.

पण त्याच्याही आधीची एक गोष्ट आपल्याकडे आहे. महाभारताच्या शेवटी युधिष्ठिराबरोबर हिमालयात चालत गेलेला कुत्रा सगळ्यांना ठाऊक असतो. सुरुवातीचं पिल्लू फारसं कुणाला आठवत नाही. आदिपर्वात, पौष्यपर्वाच्या आरंभीच, कुरुक्षेत्रावर जनमेजयाचं सत्र चाललेलं असताना तिथे एक पिल्लू येतं. ते सरमेचं पिल्लू, देवांच्या कुत्रीचं. जनमेजयाचे तीन भाऊ त्याला मारतात. ते रडत आईकडे जातं. आई आधी काय विचारते बघा: तूच काहीतरी केलं असशील. जगातल्या कुठल्याही आईसारखं. पिल्लू म्हणतं, मी काहीही केलं नाही. हवीला तोंड लावलं नाही, त्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मग सरमा उठून थेट यज्ञाच्या जागी जाते आणि विचारते, याचा अपराध काय होता? कुणीच काही बोलत नाही. तेव्हा ती शाप देते: ज्याने काही केलं नव्हतं त्याला मारलंत, म्हणून तुमच्यावर न दिसणारं भय येईल. जनमेजय त्या शापाने इतका हादरतो की तो उतरवायला पुरोहित शोधत फिरतो.

पवित्र जागा, आत आलेलं पिल्लू, हात उगारलेले पुरुष आणि 'काय अपराध होता' हा प्रश्न. काकाचा फोन ठेवल्यावर मला ही गोष्ट आठवली होती.

आता महालांकडे वळू. चौदाव्या लुईच्या व्हर्सायमध्ये त्याच्या लाडक्या शिकारी कुत्र्यांसाठी राजाच्या दालनांतच एक खोली होती आणि राजा त्यांना स्वतःच्या हाताने खाऊ घालायचा. स्वतःच्या हाताने पुसायचा नाही, हे सांगायला नको. ज्या घरात नोकर असतात त्या घरात कुत्रा घाण करतो की नाही हा मालकाचा प्रश्नच नसतो. तो नोकरांचा प्रश्न असतो, आणि नोकर पुस्तकं लिहीत नाहीत.

इंग्रज भारतात आले तेव्हा त्यांचे कुत्रेही आले. त्यांना घरात, गालिच्यावर, कधी पलंगावर जागा होती. या कुत्र्यांसाठी एक खास नोकर असायचा, 'डोरिया'. दोरी धरणारा तो डोरिया. १८८६ साली निघालेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' या अँग्लो-इंडियन शब्दकोशात हा शब्द आहे. जिथे वेगळा डोरिया परवडत नसे तिथे हे काम बहुतेकदा मेहतराकडे जायचं, म्हणजे जो साहेबाच्या न्हाणीघरातलं भांडं रिकामं करायचा त्याच्याकडेच. बंगल्यातल्या इतर नोकरांपैकी खानसामा कुत्र्याला हात लावणार नाही, भिस्ती लावणार नाही, हे सगळ्यांनी धरूनच ठेवलेलं होतं. साहेबाचा टेरियर बंगल्यात राजासारखा हिंडायचा आणि त्याच्यामागून जातीची उतरंड फडकं घेऊन चालायची. कुत्र्याला सवय लावायची गरज कुणाला होती? माणूसच लावलेला होता.

मावशींच्या सासूबाईंचं वाक्य मला इथे पुन्हा ऐकू आलं. माणसाची विष्ठा माणसाने हाताने उचलू नये यासाठी आपल्या देशाला १९९३ मध्ये एकदा आणि २०१३ मध्ये पुन्हा एकदा कायदा करावा लागला. त्यात कुत्र्याबद्दल काही नाही. कुत्र्याचं पगारात धरलेलं असतं, असं आपण समजतो.

याच सुमाराला लंडनमध्ये एक अजब गोष्ट चालली होती. तिथे कुत्र्याची विष्ठा विकली जायची. हेन्री मेह्यू नावाच्या पत्रकाराने १८५१ च्या आसपास लंडनच्या गरिबांच्या मुलाखती घेतल्या, त्यांत रस्त्यावरून ही विष्ठा गोळा करणाऱ्यांची वेगळी नोंद आहे. त्यांना म्हणायचे 'प्युअर-फाइंडर'. प्युअर, म्हणजे चक्क शुद्ध! कातडी कमावणारे कारखाने, विशेषतः थेम्सच्या दक्षिणेला बर्मंडसीमधले, ती विकत घ्यायचे. चुन्यात भिजवलेलं कातडं मऊ करायला, त्यातला राहिलेला चुना आणि मळ काढायला ती चोळली जायची. कातडं 'शुद्ध' करणारी म्हणून ती प्युअर. एका बादलीला आठ ते दहा पेनी मिळायच्या, चांगल्या मालाला शिलिंगसुद्धा. गोळा करणाऱ्यांत म्हाताऱ्या बायका पुष्कळ होत्या. बारीक हातमोजे, पुस्तकांच्या बांधणीचं मऊ चामडं असल्या नाजूक वस्तूंसाठी हे लागायचं. कुत्र्यांची निगा राखायची इंग्रजी पुस्तकं ज्या चामड्यात बांधली जात, त्याचाही कदाचित या बादलीशी संबंध असेल. हे मी पुराव्याने सांगू शकत नाही, पण विचार करायला मजा येते.

त्या विष्ठेत नेमकं काय काम करतं हे उलगडायचं श्रेय ऑटो रोएम या जर्मन रसायनशास्त्रज्ञाकडे जातं. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्याच्या लक्षात आलं की किमया विष्ठेची नाही, तिच्यातल्या एन्झाइम्सची आहे. मग त्याने जनावरांच्या स्वादुपिंडातली एन्झाइम्स वापरून 'ओरोपॉन' नावाचं उत्पादन काढलं आणि कातडीच्या धंद्यातली कुत्र्यांची गरज हळूहळू संपली. रोएम तिथे थांबला नाही. कातड्यावरची प्रथिनं तुटतात तर कपड्यांवरच्या डागांतलीही तुटतील, या विचारातून पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर 'बुर्नुस' आलं, एन्झाइम असलेली पहिली कपडे धुण्याची पावडर. आज पिल्लाने घाण केली की दुकानदार आपल्याला 'एन्झाइम क्लीनर' विकतो. फिनेलने आपल्या नाकाला वास जातो, पिल्लाच्या नाकाला जात नाही आणि ते त्याच जागी परत येतं. एन्झाइम तो वास तयार करणारे रेणूच तोडतं. म्हणजे कुत्र्याच्या घाणीत सापडलेली गोष्ट फिरून कुत्र्याची घाण साफ करायला आली. त्या बाटलीसाठी मी बरेच पैसे मोजले, आणि दर वेळी फवारताना मला बर्मंडसीच्या त्या म्हाताऱ्या आठवतात.

विसाव्या शतकात नोकर कमी झाले, मध्यमवर्ग वाढला आणि कुत्रा खऱ्या अर्थाने घरात आला. आता पुसणारी व्यक्ती घरातलीच होती, बहुतेकदा गृहिणी. शिकवणारे मात्र भलतीकडून आले. कुत्र्यांच्या आधुनिक प्रशिक्षणावरचं पहिलं मोठं पुस्तक १९१० साली जर्मनीत निघालं. त्याचा लेखक कोनराड मोस्ट पोलिसांचे आणि लष्कराचे कुत्रे तयार करायचा. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने हजारो कुत्रे लष्करात घेतले आणि युद्धानंतर त्यांना शिकवणारे लोक उपनगरांतल्या घराघरांत शिकवू लागले. विल्यम कोलर त्यातलाच, युद्धकाळात कुत्रे शिकवलेला आणि पुढे डिस्ने स्टुडिओसाठी काम करणारा. त्याचं १९६२ चं पुस्तक तुफान चाललं. या सगळ्या परंपरेचा कणा एकच: चूक झाली की शिक्षा, लगेच आणि ठाम. सैनिकी कुत्र्यापुरती ती पद्धत योग्य होती का यावर वाद घालता येईल. पण तीच पद्धत आठ आठवड्यांच्या, मूत्राशय अजून ताब्यात नसलेल्या पिल्लावर आली तेव्हा तिचं काय झालं, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. नाक घासा. पेपरची गुंडाळी करा. काकाला हे कुणी शिकवलं विचाराल तर तो सांगू शकणार नाही. असली ज्ञानं सांगणाऱ्याच्या नावाशिवायच फिरतात.

याच काळात अमेरिकेच्या ईशान्य टोकाला, मेन राज्यातल्या बार हार्बर इथल्या जॅक्सन प्रयोगशाळेत, दोन शास्त्रज्ञ वेगळंच काहीतरी करत होते. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर. त्यांना पिल्लांना शिकवायचंच नव्हतं. स्वभाव आनुवंशिक असतो का हे शोधण्यासाठी ते पाच जातींची पिल्लं जन्मापासून बघत होते: बसेंजी, बीगल, कॉकर स्पॅनियल, शेटलंड शीपडॉग आणि वायर फॉक्स टेरियर. हे बघणं वर्षानुवर्षं चाललं आणि १९६५ साली त्यावरचं जाडजूड पुस्तक निघालं.

त्या पुस्तकातलं मला महत्त्वाचं वाटलेलं थोडक्यात सांगते. जन्मलेलं पिल्लू आपलं आपण शी-शू करूच शकत नाही. आई चाटते तेव्हा ती होते आणि आईच ती गिळून टाकते, म्हणून घरटं कोरडं राहतं. म्हणजे पिल्लाच्या आयुष्यातली पहिली सफाई कामगार त्याची आई. साधारण तीन आठवड्यांची झाली की पिल्लं स्वतःच घरट्याबाहेर जाऊन मोकळी होऊ लागतात. कुणी सांगितलेलं नसतं. आणि साडेआठ आठवड्यांच्या सुमाराला ती ठरावीक जागा धरतात, झोपायच्या जागेपासून शक्य तितकी लांब. त्या वयात पायाखाली जे असेल, माती, गवत, कागद, लादी, ते त्यांच्या लेखी 'जागा' होऊन बसतं.

हे वाचून मी शेजारी झोपलेल्या नाचणीकडे बघितलं. ती मुळात स्वच्छच होती. तिने हॉलचा कोपरा निवडला कारण तो तिच्या गोधडीपासून सगळ्यात लांबचा कोपरा होता. तिच्या हिशोबाने ते घराबाहेरच होतं. चूक एवढीच की तिच्या घराची व्याख्या एका गोधडीएवढी होती आणि माझी साडेसहाशे स्क्वेअर फुटांची.

मग साधी गोष्ट होती की. साडेआठ आठवड्यांना तिला खाली मातीवर न्यायचं, तीच जागा पक्की करायची. पण डॉक्टरांनी तर जमिनीवर सोडू नका म्हणून सांगितलेलं. हा पेच कुठून आला?

तो १९७८ मधून आला. त्या वर्षी जगभरात कुत्र्यांमध्ये एक नवा विषाणू पसरला, पार्वो. त्याआधी तो कुत्र्यांना माहीतच नव्हता, त्यामुळे कुणाकडेच प्रतिकारशक्ती नव्हती. रक्ताचे जुलाब, उलट्या, आणि पिल्लं दोन-तीन दिवसांत जायची. तो विष्ठेतून पसरतो आणि मातीत महिनोन्महिने टिकतो. लस लवकरच आली, पण आईकडून आलेली प्रतिकारशक्ती लसीच्या आड येते म्हणून ती पुन्हा पुन्हा द्यावी लागते, साधारण सोळा आठवड्यांपर्यंत. तेवढा काळ पिल्लू घरात. म्हणजे नेमकी ज्या आठवड्यांत पिल्लू जागा ठरवतं, त्याच आठवड्यांत आपण त्याला मातीपासून तोडतो आणि नंतर चार महिन्यांचं झाल्यावर विचारतो की हे लादीवरच का करतंय. फ्लॅटमधल्या पिल्लांची निम्मी अडचण ही आहे, असं माझं मत झालंय. पुण्यात, मुंबईत पार्वो आजही पिल्लं नेतो, त्यामुळे डॉक्टरांना दोष देण्यात अर्थ नाही.

१९७८ सालीच, १ ऑगस्टला, न्यूयॉर्कमध्ये एक कायदा लागू झाला: आपल्या कुत्र्याचं आपण उचलायचं, नाहीतर दंड. आज हे इतकं सरळ वाटतं की त्यावर वर्षानुवर्षं भांडण झालं होतं हे पटत नाही. त्याआधी शहराची अपेक्षा एवढीच होती की कुत्र्याला फुटपाथवरून खाली, रस्त्याच्या कडेला न्यावं. तशा पाट्या दशकानुदशकं लागलेल्या होत्या. मग सत्तरच्या दशकात फ्रॅन ली नावाच्या बाईंनी मुलांना विष्ठेतून होणाऱ्या जंतांच्या आजारावरून मोहीम उघडली, 'आधी मुलं, मग कुत्रे'. श्वानप्रेमी खवळले. कुणीही सभ्य माणूस रस्त्यात वाकून असलं काही उचलणार नाही, लोक कुत्रे टाकून देतील, असं बोललं गेलं. महापौर एड कॉच यांनी कायदा लावून धरला, आणि काही वर्षांत न्यूयॉर्कचे लोक खिशात पिशवी ठेवून फिरू लागले.

पॅरिसने त्याच सुमाराला नेमका उलटा रस्ता धरला. १९८२ पासून तिथे हिरव्या कपड्यांतले सफाई कामगार खास मोटारसायकली घेऊन फिरायचे, मागे टाकी आणि विष्ठा ओढून घेणारा पाइप. पॅरिसकर त्यांना 'मोतोक्रोत' म्हणायचे. मालक कुत्रा फिरवणार, नगरपालिका मोटारसायकलवरून पुसणार. दिसायला झोकदार आणि चालवायला महाग. २००४ साली पॅरिसने ते बंद केलं आणि मालकांच्या दंडावर भर दिला.

मला यात व्हर्साय आणि डोरिया पुन्हा दिसले. फक्त आता त्यांना इंजिन होतं.

कायद्याने हे सगळं बदललं असं मी म्हणत नाही. पण ज्या दशकात मालकाला स्वतः वाकावं लागलं, त्याच्या आसपासच पिल्लाकडे बघायची नजरही बदलली, हा योगायोग मला दुर्लक्षिण्याजोगा वाटत नाही. इयान डनबार हा लंडनमध्ये शिकलेला पशुवैद्य. पुढे तो कॅलिफोर्नियात कुत्र्यांच्या वर्तनावर संशोधन करत होता. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला त्याने पिल्लांसाठी, दोरीशिवायचे वर्ग काढले. तोवर बहुतेक प्रशिक्षक सहा महिन्यांच्या आतला कुत्रा घ्यायचेच नाहीत, कारण गळपट्ट्याचे झटके त्याला सोसत नसत. डनबारने झटकेच काढून टाकले. घरातल्या शिकवणीबद्दल त्याचं म्हणणं असं: पिल्लाला चूक करायची संधीच देऊ नका. लक्ष नसेल तेव्हा छोट्या, त्याच्या आवडीच्या जागेत ठेवा, कारण ते आपली झोपायची जागा खराब करत नाही. दर तासाला बाहेर काढून योग्य जागी न्या. केलं की तिथल्या तिथे खाऊ द्या, घरी परत आल्यावर नाही. उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळून झाल्यावर तर नक्कीच न्या.

यात पिल्लाला फारसं काही शिकवलेलं नाही, हे लक्षात आलं का? सगळी शिस्त माणसाला लावलेली आहे. गजर तुमचा, झोप तुमची मोडणार, खिशात खाऊ तुम्ही ठेवणार.

या पद्धतीतला पिंजराही काही देशांना पटलेला नाही. स्वीडनमध्ये कुत्र्याला घरी पिंजऱ्यात बंद करून ठेवायला परवानगी नाही, आणि दिवसा किमान दर सहा तासांनी त्याला बाहेर नेलंच पाहिजे असा नियम आहे. नऊ तास ऑफिस आणि दोन तास ट्रॅफिक असलेल्या शहरात हे वाचून मला जरा अपराधी वाटलं.

अपराधीपणावरून आठवलं. 'याला कळतं बघा, कसा चेहरा पाडलाय,' हे वाक्य प्रत्येक घरात असतं. अलेक्झांड्रा होरोविट्झ या संशोधिकेने २००९ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. चौदा कुत्रे. मालकाने खाऊ खाऊ नको असं बजावून खोलीबाहेर जायचं. परत आल्यावर त्याला सांगितलं जायचं की कुत्र्याने खाल्लं किंवा नाही खाल्लं, पण सांगितलेलं कधी खरं असायचं, कधी खोटं. निष्कर्ष असा की तो पडलेला चेहरा कुत्र्याने काय केलं यावर अवलंबून नव्हता. मालक रागावला की चेहरा पडायचा. आणि तो सगळ्यात जास्त पडायचा त्या कुत्र्यांचा, ज्यांनी काहीच केलं नव्हतं आणि तरी बोलणी खाल्ली. सरमेने यज्ञमंडपात विचारलेल्या प्रश्नाला उत्तर मिळायला एवढा वेळ लागला.

तर नाचणी. खाली नेता येत नव्हतं, म्हणून माती वर आणली. कुंडीखालचा मोठा प्लॅस्टिकचा ट्रे, त्यात नर्सरीतून आणलेली कोरी माती आणि हिरवळीचा तुकडा, बाल्कनीत. कुठल्याही कुत्र्याने न हुंगलेली माती, म्हणजे पार्वोची भीती कमी. दर तासाला गजर. केलं की तिथेच चिमूटभर उकडलेलं चिकन. पहिल्या आठवड्यात ती त्या हिरवळीवर छान झोपायची आणि उठून हॉलमध्ये यायची. दुसऱ्या आठवड्यात मातीच खाल्ली. मी एकदा तिच्यावर ओरडले, पहाटे साडेचारला, आणि त्यानंतर दोन दिवस ती माझ्यासमोर शू करायची बंद झाली, सोफ्यामागे जाऊन करायला लागली. ओरडल्यावर पिल्लू एवढंच शिकतं, की हिच्या देखत करायचं नाही. हे डनबारच्या पुस्तकात होतं. मी ते वाचलंही होतं.

अकराव्या आठवड्यात एका दुपारी ती कॉलमधून उठून बाल्कनीच्या दाराशी जाऊन बसली आणि माझ्याकडे बघत राहिली. माझी मीटिंग चालू होती. मी म्यूट करून धावले.

सोळाव्या आठवड्यानंतर आम्ही खाली जायला लागलो. खिशात पिशवी असते. सोसायटीतल्या बागेत पहिल्यांदा वाकले तेव्हा बाकावरचे आजोबा बघत होते. पलीकडे आमच्याच विंगेतल्या एकांचा ड्रायव्हर त्यांचा लॅब्राडोर घेऊन उभा होता, त्याच्या हातात पिशवी नव्हती. आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि दोघांनीही नजर फिरवली.

मावशी अजून येतात. नाचणी आता त्यांच्या बादलीच्या मागे मागे फिरते, फडकं ओढते. परवा तिला जुलाब झाले, बऱ्याच महिन्यांनी हॉलमध्ये घाण झाली, आणि नेमक्या मावशी दारात उभ्या होत्या. मी बाटली आणि कागद घेऊन खाली बसले. त्यांनी बादली ठेवली, पदर खोचला आणि खुर्चीवर बसून राहिल्या. म्हणाल्या, "होऊ दे तुमचं. मग लादीला हात लावते."

मी पुसत होते. नाचणी त्यांच्या पायावर डोकं ठेवून पडली होती.

"पोटात दुखत असेल तिच्या," मावशी म्हणाल्या. "दहीभात घाला आज."